उसना निश्चय

येत्या वसुबारसेला मला सिगारेट सोडून तीन वर्षे होतील. लोकांच्या हिशेबाने तीन वर्षे. माझ्या हिशेबाने आणखी सतरा दिवस जावे लागतील. या सतरा दिवसांचा खुलासा पुढे येईलच. तूर्त इतकेच सांगतो, की ही गोष्ट कानावर गेली म्हणजे माणसे माझ्याकडे कौतुकाने पाहतात. ‘काय जबर निश्चय हो तुमचा!’ असे म्हणतात. लग्नकार्यात एखादा गृहस्थ आपल्या मुलाला माझ्यासमोर उभे करून ‘यांच्याकडून शीक’ असेही सांगतो. मी ओशाळतो. त्यांना तो विनय वाटतो, आणि माझ्या नावावर आणखी एक सद्गुण जमा होतो. शेजाऱ्याच्या शेतातला ऊस चुकून आपल्या नावावर कारखान्यात गेला, तर एखाद्या सरळ शेतकऱ्याला जसे वाटेल, तसे मला त्या वेळी वाटते. हा निश्चय माझा एकट्याचा नाही. तो मी चार माणसांकडून उसना आणलेला आहे. उसन्या निश्चयाने मिळवलेला विजय आपला म्हणता येतो काय, हा प्रश्न मला गेली तीन वर्षे चिकटून बसला आहे. सिगारेट सुटली, पण हा प्रश्न काही सुटत नाही.

याआधी मी सिगारेट सोडली नव्हती असे नाही. तीस वर्षांत निदान दहा-बारा वेळा सोडली असेल. पाडव्याला सोडली, वाढदिवसाला सोडली, मुलगी झाली तेव्हा सोडली, वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत सोडली. या सगळ्या सोडण्यांत एक गोष्ट समान होती. मी कुणालाही सांगितले नव्हते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी ठरवायचे, सकाळी पाकीट कचऱ्यात टाकायचे आणि घरात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. या गुप्ततेचे मी मोठे तात्त्विक समर्थन करीत असे. चारचौघांत जाहीर केलेली प्रतिज्ञा म्हणजे निम्मी प्रतिज्ञा आणि निम्मी जाहिरात, असे मी म्हणे. लोक काय म्हणतील या भीतीने माणूस सुधारला, तर ती सुधारणा लोकांची, त्याची नव्हे. कान्टने नाही का सांगितले, की माणसाच्या इच्छाशक्तीने स्वतःच स्वतःला घालून घेतलेला नियम हाच नीतीचा पाया? आणि गीतेचा सहावा अध्याय तर आपला भार आपणच उचलायला सांगतो. गीता आणि कान्ट अशा दोन भक्कम खांबांवर मी माझी प्रतिज्ञा उभी करी. आणि चौथ्या दिवशी, फार तर आठव्या दिवशी, चहाच्या पेल्याबरोबर ती कोसळे. कोसळल्याचा आवाजही होत नसे, कारण ती उभी होती हेच कुणाला ठाऊक नसे.

आज वाटते, तो स्वाभिमान नव्हता. ते परसाकडचे उघडे ठेवलेले दार होते. हरलो तर कुणाला न दिसता निसटता यावे, एवढ्यासाठी मी कान्टला दारावर उभा केला होता. ज्याला खरोखर जायचे नसते तो प्रवासाला निघाल्याचे कुणाला सांगत नाही, तसलाच तो प्रकार.

कुणी म्हणेल, तुम्हांला सिगारेटचे दुष्परिणाम नीट पटले नसतील. पण अज्ञानाची सबब मला घेता येत नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघा इंग्रज संशोधकांनी १९५० साली फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध दाखवून दिला, हे मी कॉलेजात असतानाच वाचले होते. आणि वाचताना बहुधा ओढतही होतो. खुद्द डॉल सिगारेट ओढणाराच होता. आपलेच आकडे पाहून त्याने ती सोडली. ज्ञानाने माणूस बदलतो असे म्हणणाऱ्याने हा दाखला जरूर द्यावा. पण मग त्याच्या शेजारी फ्रॉइडलाही बसवावे लागेल. मनाच्या तळघरात त्याच्याइतके खोल उतरलेले लोक थोडे. त्याचा डॉक्टर मित्र फ्लीस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याला पुन्हा पुन्हा तंबाखू सोडायला सांगत होता. १९२३ साली फ्रॉइडला तोंडाचा कर्करोग झाला, तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, जबड्याचा भाग काढून कृत्रिम तुकडा बसवावा लागला. तरी चिरूट सुटला नाही. १९३९ साली तो गेला. ज्ञान कमी होते म्हणावे, तर ते त्याच्याइतके कुणाजवळ होते? मित्राचा सल्ला नव्हता म्हणावे, तर तोही होता. पण फ्लीस बर्लिनला आणि फ्रॉइड व्हिएन्नाला. पत्राने आलेली आज्ञा ही आज्ञाच असते. ती सोबत होत नाही.

मला सोबत मिळाली ती अशी. आमच्या कचेरीत जिन्याखाली एक कोपरा होता. तिथे मी आणि माझे एक सहकारी, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, रोज अकराला आणि चारला उभे राहत असू. वीस वर्षे तो परिपाठ चालला. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या घरी दोनदाच गेलो असू. पण एकमेकांची काडी विझू नये म्हणून ओंजळ धरली ती हजारदा. एक दिवस ते चार जिने चढून आले आणि पायरीवर बसले. छातीला हात लावून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एकट्याच्यानं होणार नाही हो माझ्याच्यानं. तुम्ही सोडता का? मग मीही सोडतो.”

त्यांनी मला उपदेश केला नव्हता. मदत मागितली होती. मला निश्चय मिळाला तो दुसऱ्याच्या अशक्तपणातून, ही यातली पहिली मौज. दोन पांगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले, एवढेच त्या दिवशी घडले.

त्यांच्या सांगण्यावरून मी आयुष्यात पहिल्यांदा ही गोष्ट जाहीर केली. हिला सांगितली, परगावी असलेल्या मुलीला फोनवरून सांगितली, आणि धीर करून कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यालाही सांगितली. पहिले तीन दिवस कसे गेले ते ज्यांनी सोडली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी ओढलीच नाही त्यांना सांगून कळणार नाही. बोटांना काय करावे ते समजत नाही. जेवण झाले तरी जेवण संपल्यासारखे वाटत नाही. मात्र एक शोध लागला. तलफ ही लाटेसारखी असते. ती कायमची राहायला आलेली नसते. पाचेक मिनिटांत ओसरते. ही पाच मिनिटे कुणी आपल्याबरोबर काढली तर पुरते. पाचव्या दिवशी मी टपरीसमोर उभा राहिलो. तो माझे पाकीट काढून देईना. म्हणाला, “साहेब, आज नाही. उद्या या.” दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. माझ्या न ओढण्याने ज्याचे रोजचे नुकसान होते तो माणूस माझी बाजू राखीत होता. धर्मशास्त्रात या पुण्याला काय नाव आहे कोण जाणे. हिने तर शब्दही काढला नाही. माझ्या डब्याबरोबर बडीशेपेची एक लहान डबी येऊ लागली, एवढेच.

सतराव्या दिवशी मी पडलो. कारण सांगण्यासारखे नाही. कचेरीत वरिष्ठांशी खटका उडाला, एवढे निमित्त पुरले. आमच्या टपरीवर जाण्याची सोय नव्हती, म्हणून दोन स्टॉप पुढे उतरलो आणि जिथे मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जाऊन एक ओढली. ओळखीच्या चार माणसांनी मिळून बांधलेले कुंपण मला ओलांडता येत नव्हते, म्हणून मी वळसा घातला. घरी आलो तो ही मुलीला फोनवर सांगत होती, “आज सतरा दिवस झाले हं बाबांना!” आजवर मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण त्या कौतुकाइतके काही लागले नाही.

त्या रात्री गांधीजींच्या आत्मकथेतला प्रसंग आठवला. लहानपणी एका नातलगाच्या नादाने ते विड्या ओढू लागले, त्यासाठी नोकराचे पैसे चोरले. आणि पुढे भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरल्यावर ती चोरी चिठ्ठीत लिहून त्यांनी आजारी वडिलांच्या हाती दिली. वडील रागावले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. मला वाटते, त्या वेळी कबुली देणाऱ्याइतकीच कबुली घेणाऱ्याचीही कसोटी होती. वडिलांनी फटके मारले असते तर त्या मुलाला आपली फेड झाली असे वाटले असते.

मी हिला सांगितले. ती म्हणाली, “मला वास आला होता.”

“मग तिला फोनवर सतरा दिवस झाले म्हणून का सांगितलंस?”

“तुम्ही सांगाल असं वाटलं होतं,” ती म्हणाली, आणि दिवा मालवला.

प्रोत्साहनात एक धोका आहे तो मला त्या दिवशी दिसला. पाठीवर थाप मारणाऱ्यांना आपण पडलेलो आवडत नाही; म्हणून आपण त्यांच्यासाठी उभे असल्याचे सोंग करू लागतो. प्रोत्साहनाचा पहारा झाला, की सिगारेटचे व्यसन सुटून लबाडीचे लागते. ज्याच्याजवळ आपले पडणे सांगता येते, त्याचीच थाप उपयोगी पडते. बाकीच्या थापा म्हणजे टाळ्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यात माझे काय? अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावच्या १२,०६७ माणसांच्या १९७१ ते २००३ पर्यंतच्या नोंदी अभ्यासून क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी २००८ साली दाखवले, की माणसे सिगारेट सुटी सुटी सोडत नाहीत, घोळक्याने सोडतात. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. हे आकडे वाचून माझा अहंकार थोडा खट्टू झाला. पण मग मनात आले, की आपल्याकडे हे कुणाला नवे आहे? आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. एकट्या म्हातारीला चालायला सांगा, पहिल्याच घाटात बसेल. दिंडीत ती टाळाच्या ठेक्यावर चालत जाते. वारकरी माळ घालतो ती गळ्यात, सर्वांना दिसेल अशी. दारू-मांस सोडल्याची खूण तो सदऱ्याच्या खिशात लपवून ठेवत नाही. माळ पाहून पाहुण्याचे घर त्याच्या पानात काय वाढायचे ते ठरवते. त्याचा नेम राखायला सारे गाव हातभार लावते, म्हणून त्याची भक्ती उसनी आहे असे कुणी म्हणत नाही.

शिवाय मी पहिली सिगारेट ओढली ती तरी कुठे स्वयंभू निश्चयाने? वसतिगृहाच्या गच्चीवर एका मित्राने दिली. काडीही त्यानेच ओढली. बिघडताना आपण संगतीला दोष देतो आणि सुधारताना मात्र संगतीचा वाटा नाकारतो. वाईट संगतीने लागले म्हणायचे आणि माझ्या निश्चयाने सुटले म्हणायचे, हा हिशेब लबाडीचा आहे. एक तर दोन्ही माझे, नाही तर दोन्ही आमचे.

तरीही थोडे उरते, आणि ते माझे आहे. टपरीवाला पाकीट नाकारू शकतो. दोन स्टॉप पुढे जायचे की नाही हे माझे पायच ठरवतात. ही बडीशेप देऊ शकते, ती तोंडात मलाच टाकावी लागते. आणि मुख्य म्हणजे, आपल्या कमकुवत जागेवर बोट ठेवण्याचा हक्क चार माणसांना देणे, ते परसदार आपल्या हाताने बंद करणे, हे काम दुसरे कुणी करून देत नाही. कान्टचा नियम मी पहिल्यांदा पाळला तो बहुधा त्या दिवशी, जेव्हा मी तो चारचौघांत बोलून दाखवला.

इथे हा लेख संपवता आला असता. पण हिशेब पुरा झालेला नाही. माझे ते सहकारी चौथ्या महिन्यात पुन्हा ओढू लागले. त्यांच्या घरी आजारपण होते, रात्री दवाखान्यात जागवाव्या लागत. मला सांगितले नाही. मला वासावरून कळले. आणि मी काय करावे? हिने माझ्याशी केले ते करायचे सोडून मी त्यांना जिन्याखाली गाठून चांगला अर्धा तास उपदेश केला. फ्रॉइडचा जबडासुद्धा काढला. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “तुमचं बरोबर आहे.” त्यानंतर ते त्या जिन्याने येईनासे झाले. गेल्या वर्षी निवृत्त झाले. समारंभात मी भाषण केले. त्यातही सिगारेटचा विषय काढायचे कसोशीने टाळले.

निश्चय आमचा दोघांचा होता, तर त्यांचे पडणेही माझ्या एकट्याच्या विजयाला वजाबाकीत धरले पाहिजे. उसने ज्याचे त्याला परत करावे लागते, हे शेजारणीकडून वाटीभर साखर आणणाऱ्या पोरालाही कळते. मी वाटी घेऊन आलो ती आलोच.

यंदा पाडव्याला फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. हिने डब्याशेजारी बडीशेपेची डबी काढून ठेवली होती; मी ती परत फळीवर ठेवली. ती न्यायची किंवा नाही, ते अजून ठरलेले नाही. काय बोलायचे तेही ठरलेले नाही. सतरा दिवसांची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. बहुधा तिथूनच सुरुवात करीन.