दुसऱ्याच्या टाचेसाठी

थोडा वेळ वजनकाटा, डब्या आणि लेबलाचे नमुने बाजूला ठेवा. पार्लर बंद झाल्यानंतरची वेळ निवडलीत तर उत्तम. हातात फक्त कोकमाच्या तेलाचा एक गोळा घ्या, कोकणात ज्याला मुठेल म्हणतात तो. तुमच्या नावाचं पहिलं मलम तुम्हाला यातून करायचं आहे, भेगाळलेल्या टाचांसाठी. घाई नाही. गोळा तळहातावर नुसता राहू द्या.

तो लगेच विरघळत नाही. खोबरेल साधारण 24 अंशांना पातळ होतं, याला जवळजवळ 40 अंश लागतात. अंगठ्याने हळूहळू घासा. आधी कडा मऊ होतील, मग तळवा तुळतुळीत होईल. वास जवळपास नाहीच. हा गोळा कुठून आला ते मनात आणा. एप्रिल-मेमध्ये पिकलेले रातांबे, सालींची आमसुलं झाल्यावर उरलेल्या बिया, त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळणाऱ्या बायका, वर तरंगणारं तेल आणि ते थिजू लागल्यावर वळलेली मूठ. एवढे कष्ट तुमच्या हातात आयते आले आहेत.

आता जिच्यासाठी मलम करायचं, तिला डोळ्यांसमोर आणा. ‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी’ हे शब्द आत्ता नकोत. एकच बाई. समजा, सकाळपासून ओल्या लादीवर उभी राहून मासळी विकणारी. बर्फाचं पाणी, मीठ, झिजलेल्या रबरी चपला. तिच्या टाचा बघा. तळपायाच्या त्वचेत तेलाच्या ग्रंथीच नसतात. चेहरा स्वतःचं तेल स्वतः करतो, टाचेला ते जमत नाही. ती कोरडी पडते, जाड होते आणि अंगाचा भार पडला की फाटते, कधीकधी रक्त येईपर्यंत. तुमचं मलम त्या फटीत जाणार आहे. इथे थांबा, लागेल तितका वेळ.

मग जे जे घालायचं तुमच्या मनात होतं, ते एकेक तिच्या टाचेवर ठेवून पाहा.

सुगंधी तेल आधी घ्या, कारण मोह तिथेच जास्त असतो. डबी उघडताच दरवळ आला की गिऱ्हाईक खूश होतं, हे खरं. पण उघड्या भेगेत ते झोंबेल, आणि काहींच्या त्वचेला सुगंधाची ॲलर्जी असते. लॅव्हेंडर झाडापासून आलं म्हणून त्वचा त्याला सूट देत नाही. माझं मत स्पष्ट आहे: फाटलेल्या त्वचेच्या मलमात सुगंध नको.

कोरफडीचा गर? तो घातला की मलमात पाणी आलं, आणि पाण्याबरोबर जिवाणू-बुरशीची सोय झाली. मग योग्य परिरक्षक हवा आणि प्रयोगशाळेची तपासणीही. व्हिटॅमिन ई त्या कामाचं नाही. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतूंना अडवत नाही. बिनपाण्याचं मलम ठेवलंत तर हा सगळा पेच बराच हलका होतो. तरीही तिचा हात ओला असणार आहे, हे विसरू नका. डबीत बोट घालावं लागणार नाही अशी फिरवून वर येणारी कांडी तिच्यासाठी बरी.

आणखी एक गोष्ट मनात हळूच फिरवा. तेलकट टाच ओल्या लादीवर घसरते. म्हणून ‘रात्री झोपताना लावा, वर मोजे घाला’ ही ओळ डबीवरच्या नक्षीपेक्षा मोठ्या अक्षरात हवी.

हे मलम मे महिन्यात नागपूरला बंद गाडीत राहील, तेव्हा? ते वितळेल, पुन्हा सावकाश थिजेल आणि कदाचित रवाळ होईल. तुमच्या नमुन्याला ती झळ आधीच लागू द्या. काही महिने जातील. जाऊ देत.

आता लेबलाकडे या. ‘भेगा मऊ ठेवतं’ आणि ‘भेगा बऱ्या करतं’, दोन्ही सावकाश म्हणून पाहा. बरं करण्याचा दावा केला की कायद्याच्या नजरेत ते सौंदर्यप्रसाधन राहत नाही, औषध ठरतं. मुळात ती बाई मधुमेही असेल तर? तिला जखम कदाचित जाणवणारही नाही, आणि तुमच्या शब्दावर विसंबून ती डॉक्टरकडे जायचं लांबवेल. ‘मधुमेह असल्यास किंवा रक्त येत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवा’ हे लिहा, विक्री कमी झाली तरी.

परवान्याचंही याच बैठकीत ठरवा. विकण्यासाठी प्रसाधन बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, घरच्या ओट्यावर केलं तरी. स्वतःचा कारखाना नसेल तर परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवर करून घेता येतं.

आणि पहिली बॅच हाती आली की तिच्यातला एक नग विकू नका. त्यावर बॅच नंबर आणि तारीख लिहून कपाटात ठेवा, दर महिन्याला उघडून वास घ्या. खवटपणा आला, तर त्या बॅचच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही स्वतःहून फोन करा. तिने तक्रार करायची वाट पाहू नका.