तळहातावरची किल्ली

दार लोटून घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. समुद्राकाठच्या व्हिलाचं माहितीपत्रक टेबलावर असेल तर ते पालथं घाला. फाडू नका, पुढे लागेल. आता आपल्या रोजच्या घराची किल्ली घ्या आणि उजव्या तळहातावर ठेवा. मूठ मिटू नका. एप्रिलच्या दुपारी बीडमध्ये किल्ली खिशातसुद्धा तापलेली असते. थोड्या वेळानं तिची ऊब कुठली आणि हाताची कुठली हे कळेनासं होईल. तोवर नुसतं बसायचं.

मी स्वतः तीन वर्षं अशा एका घराचे कागद कपाटात ठेवून होतो. रात्री जेवण झालं की काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. म्हणून सांगतो, ही इच्छा खोटी नसते आणि तिची लाज वाटायचंही कारण नाही. फक्त इसार देण्याआधी तिच्याजवळ थोडं बसावं.

आधी हे विचारा: मला तिकडे ओढतंय काय?

माहितीपत्रकात ऊन पहिलं असतं. थंड देशांतली माणसं उन्हासाठी समुद्राकाठी घर घेतात. स्पेनच्या किनाऱ्यावर पेन्शनीत निघालेल्या इंग्रजांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. आपल्याला ऊन विकत घ्यायचं नाही, ते अंगणात पडलेलं आहे. आपल्याला ओढतं ते पाणी.

आता डोळे मिटा आणि आयुष्यातलं पहिलं पाणी आठवा. मला आजोळचा आड आठवतो. काठावर पोट टेकून मी आत वाकायचो आणि आजी मागून सदऱ्याची शेव घट्ट धरून उभी असायची. खाली फार खोलवर ताटाएवढं आभाळ चमकायचं. पोहरा टेकल्याचा आवाज यायला किती वेळ लागतो, त्यावरून आजी सांगायची की उन्हाळा अजून किती जायचा आहे. आपल्या जिल्ह्यात पाणी असं वाकून बघायचं असतं. बीडजवळची खजाना विहीर घ्या. निजामशाहीच्या काळात, 16 व्या शतकात बांधलेली. जमिनीखालच्या आडव्या भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि मोटेशिवाय, नुसत्या उतारानं शेतांकडे जातं. तेही पाणी वाकूनच बघायचं.

अशा मुलखातला माणूस पहिल्यांदा समुद्रासमोर उभा राहतो तेव्हा गप्प होतो. वाकावं लागत नाही, मान वर करून बघायचं. दोराची गरज नाही, तळ दिसायची भीती नाही. 2016 साली केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि त्याच्यावर जगणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. हे ज्यानं पाहिलं, त्याला न संपणाऱ्या पाण्याशेजारी घर हवंसं वाटलं तर त्यात चैन कुठे आहे? ती फार जुनी तहान आहे. तिच्याजवळ दोन मिनिटं बसा. घाई करू नका.

पण ते पाणी पिता येत नाही, हेही आठवा. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे साडेसहाशे-सातशे. तरी कोकणातल्या कितीतरी वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो, कारण पडलेलं पाणी उतारावरून समुद्रात निघून जातं. किनाऱ्याजवळ बोअरनं फार उपसलं की गोड्या विहिरीत खारं पाणी शिरतं. माहितीपत्रकातल्या निळ्या तलावात पाणी कुठून येणार, हे विचारा. दुष्काळी गावातल्या माणसानं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाण्याचं मोल आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

आता मनातल्या मनात त्या घरात शिरा. चप्पल बाहेर काढा. फरशी गार आहे. समोर काचेचं मोठं दार, त्यापलीकडे झाडं, त्यापलीकडे समुद्र. बसा तिथं. मुलं हसताहेत, आई खुर्चीत आहे. सगळं आहे. आता मुलांची सुट्टी संपली. बॅगा भरल्या, दार ओढलं, कुलूप लावलं. गाडी निघाली. पावणेचारशे-चारशे किलोमीटरची वाट आहे.

तुम्ही मात्र गाडीत बसू नका. तिथंच, बंद घरात थांबा.

पहिला आठवडा. खाऱ्या वाऱ्यानं कडीवर तांबूस ठिपके आले आहेत. बोटानं पुसले की बोट लाल होतं. महिना गेला. गादीला दमट वास. जून लागला, झड सुरू झाली आणि पश्चिमेच्या खिडकीतून पाणी आत आलं. कुणी बघायला नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून नीट धरायला सहा-सात वर्षं जातात. अशा दिवशी तुमचं घर तुमच्याविना कसं उभं असेल, ते बघा. जुलै. ऑगस्ट. वर्षाचे 365 दिवस, त्यातले तुमचे पंधरा, फार तर वीस. उरलेले साडेतीनशे हे असे. मी हे मोजलं त्या रात्री मला झोप आली नाही.

डोळे उघडा. किल्लीकडे पाहा. बंद घर म्हटल्यावर आपल्याला परकं वाटू नये, कारण बंद घरांची गावं आपल्याच जिल्ह्यात आहेत.

दसरा झाला की पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीकडची गावं ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरमध्ये भांडी, गोणपाट, पीठ, कधी बरोबर तान्हं मूल. कारखान्याच्या तळावर कोपी घालायची आणि पहाटे तीनला उठून थंडीत उसाच्या फडात उतरायचं. शाळेतली काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांजवळ. मागं गल्लीत ओळीनं कुलपं. असं एक दार मला चांगलं आठवतं. कडीला लोखंडी कुलूप, त्यावर पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिकची पिशवी सुतळीनं बांधलेली. समोर तुळस होती, ती वाळलेली नव्हती. शेजारच्या ओसरीवर म्हातारी बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘पाणी मी घालते की रोज. येतील ना ते, मग वाळलेली तुळस बघून कसं वाटंल त्यांना?’’

ही म्हातारी थोडा वेळ डोळ्यांपुढे राहू द्या.

तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून मी हे सांगत नाही. कष्टानं कमावलेल्या पैशाचं घर घेणं हा गुन्हा नव्हे. पण एक कुलूप पोटासाठी लागतं आणि एक हौसेसाठी, आणि दोन्ही घरांना बंद असताना सारखाच वास येतो. ज्यांनी पहिलं कुलूप पाहिलंय त्यांनी दुसरं लावण्याआधी त्या वासाची आठवण ठेवावी, एवढंच माझं मागणं आहे.

कोकणालाही कुलपं ठाऊक आहेत. चाकरमानी मुंबईत, घर गावी; गणपतीत आणि शिमग्याला उघडतं, मग परत बंद. तुम्ही जी जमीन बघताय ती बहुतेक अशाच एखाद्या घराची आहे. म्हणून तिचा सातबारा मागवा आणि वकिलाकडे देण्याआधी एकदा स्वतः वाचा. कोकणात एकेका उताऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस सामायिक नावं असतात. भाऊ, चुलत भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी. एकेक नाव सावकाश, ओठ हलवत वाचा. प्रत्येक नावाशी थांबा. हा माणूस या आवारात खेळला असेल. ही बाई इथून सासरी गेली असेल. सगळ्यांची संमती आहे का, हा प्रश्न कायद्याचा आहेच. तो माणुसकीचाही आहे.

कागदांचं बाकीचं थोडक्यात सांगतो. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. आपल्या नावावर बीडला शेत असेल तर अडचण नाही, पण तिच्यावर व्हिला बांधायचा तर अकृषिक वापराचे सध्याचे नियम बघा. प्रकल्पातलं घर असेल तर महारेराची नोंदणी बघा. भरतीरेषेपासून किती अंतरावर बांधकाम आहे, ते कुणाच्या तोंडी शब्दावर मानू नका. अलिबागजवळ किहीमला हिरे व्यापारी नीरव मोदीचा अवैध बंगला 8 मार्च 2019 ला प्रशासनानं सुरुंग लावून पाडला. समुद्राची जागा समुद्राला सोडावीच लागते.

आता पुन्हा डोळे मिटा. शेवटचं एक.

अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणस्थांच्या कितीतरी घरांची कुलदेवता आहे. गुहागर, दापोली, चिपळूणची माणसं पिढ्यान् पिढ्या घाट चढून, आपल्या कोरड्या मुलखात, तिच्या दर्शनाला येतात. कथा अशी सांगतात की देवी कोकणातली, परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी इथंच राहिली. आपण समुद्राकडे निघालो आहोत आणि समुद्राकडची देवी आपल्याकडे येऊन राहिली आहे. तिनं इथं घर केलं म्हणजे काय केलं? ती परत गेली नाही. आपले दुष्काळ तिनं आपल्याबरोबर काढले. तिच्या गाभाऱ्यातला दिवा सुट्टीपुरता लागत नाही. या गोष्टीजवळ हवा तितका वेळ बसा.

मग स्वतःला विचारा: मला तिथं घर करायचंय, की तिथं जायचंय? नुसतं जायचं असेल तर कोकणात घरगुती राहायची सोय गावोगाव आहे. ताटात गरम आमटी-भात पडतो, आणि ज्यांचं घर आहे त्यांची चूल त्या पैशावर पेटती राहते. घरच करायचं असेल तर जरूर करा, पण मग वर्षातले चार महिने तरी ते उघडं राहील, एक माणूस तिथं पुऱ्या पगारावर आणि मानानं राहील, आणि शेजारच्या वाडीतल्या माणसांना तुमचं नाव माहीत असेल, अशा बेतानं करा. माझ्याच्यानं तेवढं होणार नव्हतं. मी कागद परत केले.

किल्ली जाग्यावर ठेवा. माहितीपत्रक सुलटं करा. आणि इसार देण्याआधी आषाढात चार दिवस, धो धो पावसात, त्या गावी कुणाच्या तरी घरी राहून या.