धर्मशाळा कोणी झाडायची?

दान देणाऱ्याचे नाव आपण दगडात कोरून ठेवतो. देवळाच्या पायरीवर ते असते, पाणपोईवर असते, शाळेच्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा असते. पण त्या पाणपोईतले रांजण रोज घासणाऱ्याचे नाव कोठेच सापडत नाही. गोष्ट जुनीच आहे. मात्र अलीकडे ती मला एका अगदी नव्या ठिकाणी भेटली, म्हणून फराळाच्या ताटाबरोबर ती वाचकांपुढे ठेवतो.

मी वरूडचा शाळामास्तर. कॉलेजची पायरी चढलो नाही आणि यंत्रविद्येत माझी गती बेताचीच. तरी माझ्या अलीकडच्या कादंबऱ्या मी संगणकावरच लिहिल्या. ज्या अक्षरवळणात लिहिल्या त्याचे नाव ‘लोहित’. ही अक्षरे मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविली. रेड हॅट ह्या अमेरिकन कंपनीने २००४ साली ती मुक्त परवान्याखाली सर्वांना देऊन टाकली, आणि तिच्या पुण्यातील मंडळींनी पुढे कित्येक वर्षे ती सुधारली. मी त्यासाठी एक पैसा दिला नाही. कोणी मागितलाही नाही.

मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन ह्या गृहस्थाने अमेरिकेत ही चळवळ सुरू केली, तिचे म्हणणे असे की संगणकाची आज्ञावली वापरण्याची, आत डोकावून अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी. आमच्याकडील माणसाला हे समजायला अवघड नाही. तालुक्यातील शेंदुरजना घाट संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध. तेथे जंबेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा भरतात. आता एखाद्याने आपले उत्तम झाडच मोकळे करून सांगितले, ‘न्या ह्याचे डोळे, भरा, वाढवा, पुढे वाटा, फक्त पुढच्यालाही अशीच मुभा द्या,’ तर ते मुक्त झाड झाले.

हे मी एका संत्राबागाईतदार शेजाऱ्याला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. त्याने शांतपणे तंबाखू मळली आणि विचारले, “गुरुजी, सारं फुकट हाये तं मंग राखते कोन?”

प्रश्न नेमका होता. अशी आज्ञावली लिहिणारी माणसे एका गावात नसतात. एक पुण्यात, एक बर्लिनमध्ये, एक ब्राझीलमध्ये. त्यांच्या कामाला एक सामाईक जागा लागते. तेथे मूळ मजकूर ठेवायचा, कोणी कोणती ओळ केव्हा बदलली त्याची नोंद ठेवायची, तक्रारींची वही ठेवायची, चर्चा करायची. इंग्रजीत ह्या जागांना लोहारशाळा म्हणतात. मला त्या धर्मशाळा वाटतात. वाटसरू येतात, चूल मांडतात, पुढे जातात. छप्पर मात्र कोणाचे तरी असते, आणि त्या छपराला वीज, यंत्रे, दुरुस्ती आणि रात्री-बेरात्री जागणारी माणसे लागतात.

‘लोहित’ जेथे राहत होते ती जागा फेडोरा ह्या प्रकल्पाने चालविली होती. २०१७ साली ती बंद झाली. कोणी दुष्टपणा केला नाही. पूर्वसूचना दिली, सामान हलवायला वेळ दिला. ‘लोहित’ मग ‘पागुर’ नावाच्या दुसऱ्या जागी गेले. ह्या नावाची गंमत अशी की, फ्रेंच भाषेत तो एका खेकड्याला वापरतात. असा खेकडा, की जो स्वतःचे कवच घडवीत नाही, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो आणि वेळ आली की नवा शंख शोधतो. इतके प्रांजळ नाव क्वचितच कोणी ठेवले असेल!

कोणी म्हणेल, सामान हलले तर बिघडले काय? पुष्कळ अंशी खरे आहे. हल्लीच्या पद्धतीत प्रत्येक कारागिराजवळ मजकुराची पूर्ण प्रत असते. घर पडले तरी पोथी वाचते. पण जुन्या तक्रारी, त्यांवर झालेले वाद, ‘असेच का केले’ ह्याची उत्तरे सगळीकडे नीट हलतातच असे नाही. घर बदलताना भांडी जातात; भिंतीवर मुलांच्या उंचीच्या मारलेल्या खुणा मागे राहतात.

आणि सर्वच घरमालक फेडोरासारखे नसतात. १९९९ साली निघालेली ‘सोर्सफोर्ज’ ही एके काळची सर्वांत मोठी धर्मशाळा. ‘गिम्प’ हा चित्रे सुधारण्याचा मुक्त कार्यक्रम. त्याच्या मंडळींनी ती जागा सोडली होती. तरी २०१५ मध्ये, त्यांच्या सोडलेल्या खोलीतून, त्यांच्याच नावाने, जाहिरातींचे अनाहूत सामान बांधलेली गाठोडी वाटसरूंच्या हाती दिली जात असल्याचे उघडकीस आले. पुढल्या वर्षी मालक बदलले आणि तो प्रकार थांबला. कलमवाल्यांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. रोपवाटिकेच्या मातीत डिंक्या असला की तो कलमाबरोबर बागेत जातो, आणि बागाईतदाराला कळते ते झाडे फळावर आल्यावर. डोळा उत्तम असून उपयोग काय?

आज जगातील बहुतेक काम ‘गिटहब’ नावाच्या एकाच वाड्यात चालते. २००८ साली तो उघडला, २०१८ साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतला. वाडा प्रशस्त आहे, सोयी भरपूर, भाडेही बहुतेकांना नाही; तेथे उतरणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. पण २०१९ साली अमेरिकेच्या व्यापारनिर्बंधांमुळे इराणमधील कारागिरांना तेथील कित्येक दालने बंद झाली, ती २०२१ मध्ये सरकारी परवाना मिळाल्यावर उघडली. त्या कारागिरांचा गुन्हा काय? त्यांचे राहण्याचे ठिकाण. मजकूर मुक्त होता, परवाना मुक्त होता; दाराची किल्ली तेवढी दुसऱ्याच्या कमरेला होती.

येथे मला गाडगेबाबा आठवतात. आमच्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः खापरात भाकरी मागून खाल्ली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातलग राहतात. विदर्भातून तेथे गेलेल्या माणसाला त्या छपराची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. बाबांनी बांधले, पण मालकी स्वतःकडे ठेवली नाही, विश्वस्तांकडे सोपविली. आणि गावात शिरले की आधी हातात खराटा घेतला.

ह्या वाटेने जाणारे संगणकाच्या जगातही आहेत. स्टॉलमनच्या संस्थेची ‘सव्हाना’ स्वयंसेवकांच्या बळावर चालते. बर्लिनमध्ये ‘कोडबर्ग’ ही २०१८ साली स्थापन झालेली सभासदांची संस्था आहे. वर्गणी व देणग्या ह्यांवर ती चालते, आणि सभासद मते देऊन कारभार ठरवितात. आपल्या सार्वजनिक वाचनालयासारखेच हे. वाचनालयासारखीच तेथे माणसे थोडी, कामे फार, आणि गैरसोयही आहे. मला ती गैरसोय मंजूर आहे. माझ्या चिरंजीवांना नाही. आमचा हा वाद दिवाळीतही मिटलेला नाही.

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात आम्ही बोअर खोल खोल नेत जमिनीतले पाणी उपसले. वापराने पाणी आटले. अक्षर तसे आटत नाही. ते लाखांनी वापरले तरी जसेच्या तसे. आटतो तो राखणाऱ्याचा वेळ, त्याची झोप, त्याचा उत्साह. आणि तो आटलेला कोणत्याही मोजपट्टीवर दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त उपसत राहतो.

मग माझ्यासारख्याने द्यायचे काय? पैसा द्यावाच, वाचनालयाच्या वर्गणीइतका तरी. पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती केवळ मराठी माणसालाच देता येईल. दरीचे अनेकवचन ‘दऱ्या’ आणि समुद्र तो ‘दर्या’. आचारी आणि आचार्य ह्यांचेही तेच. आपला ल आणि हिंदीचा ल वेगळ्या वळणाचे. अशा जोडाक्षरांत कोठे चूक झाली तर ती बर्लिनच्या कारागिराला दिसणार नाही. सातवीतल्या मुलाला दिसेल. तक्रारवही सर्वांना उघडी असते. सुट्टीनंतर शाळा भरली की फळ्यावर जोडाक्षरे लिहून मुलांना पडद्यावरची अक्षरे त्यांच्याशी ताडून पाहायला लावणार आहे. पहिली तक्रार लिहायला कोण तयार आहे, हे विचारल्यावर दोन मुलींनी आत्ताच हात वर केले आहेत.