चढणाऱ्याला वाट

साताऱ्यास हायस्कुलात असताना यवतेश्वरच्या घाटात काकांनी मोटारीचा पहिला धडा दिला : चढणाऱ्याला वाट द्यावी. उतरणारी गाडी थांबून सहज निघते. चढावर थांबलेली मात्र क्लच सोडताना जरा पाय थरथरला, की मागे घसरते. कायद्याचा दंडकही हाच आहे.

किर्लोस्करवाडीचे नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडताना रयतेचे दैन्य ज्यांनी जवळून पाहिले, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले. त्यांनी चढणाऱ्याला वाट दिली. माझ्या मते याहून थोर आचरण नाही.

श्रोतेहो, आज आपल्या कचेरीत कोणी नवखा अर्ज घेऊन येईल. त्याला ‘उद्या या’ म्हणू नका.