सोडणं आणि सुटणं

गेल्या वर्षी माहेरच्या शेतावरचा हक्क मी सोडला. सही करून कचेरीच्या पायऱ्या उतरताना वहिनी म्हणाली, "आक्का, तुमचं मन लई मोठं." बस्तीत भेटलेल्या बायकांनीही हेच म्हटलं, "त्याग केलासा." मला मात्र त्या रात्री झोप नाही. २००५ च्या कायद्यानं मुलीला मुलाइतकाच वाटा दिलाय, हे मला ठाऊक होतं. मी सोडला तो अपरिग्रह म्हणून नव्हे, माहेर तुटेल या भीतीनं. मग तो त्याग कसला?

तेव्हा दोराबजी टाटांविषयी वाचत होते. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव, जन्म १८५९ चा. केंब्रिजला क्रिकेट, फुटबॉल खेळलेले. १९०४ साली वडील गेले. वारशात पैसा आला, तशी त्यांची अपुरी स्वप्नंही आली. १९०७ साली पोलादाची कंपनी उभी राहिली. १९१९ साली पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना त्यांनी पाहिली, आणि १९२० साली सहा खेळाडू अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेले. काही खर्च दोराबजींनी पदरचा केला. त्या सहांत आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. मॅरेथॉनमध्ये तो एकोणिसावा आला.

१९२४ साली पोलाद कंपनीत पगाराला पैसे उरले नाहीत. दोराबजींनी स्वतःची सगळी मत्ता बँकेत गहाण ठेवली, सुमारे एक कोटीची. त्यात पत्नीचे दागिनेही होते.

इथं मी थबकले. दोराबजींनी सर्वस्व पणाला लावलं, असं सगळे लिहितात. पण दागिने तर मेहेरबाईंचे! स्त्रीधन. मग त्याग कुणाचा?

मेहेरबाई कोण होत्या? साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या, त्याच १९२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीत नाव असलेल्या, बालविवाहाविरुद्ध बोलणाऱ्या. अशी बाई मान खाली घालून हो म्हणणारी नसणार, असं मला वाटतं. जिला नाही म्हणता येतं, तिच्याच हो ला किंमत.

१९३१ साली त्या गेल्या. दोराबजींनी पुढच्याच वर्षी जवळजवळ सगळी संपत्ती विश्वस्त निधीला दिली आणि त्याच जूनमध्ये तेही गेले. त्याच निधीतून पुढे १९४१ साली मुंबईत कर्करोगाचं टाटा रुग्णालय उघडलं. तुम्ही म्हणाल, मूलबाळ नव्हतं, दिलं तर काय मोठं? पण नातलग होतेच की. आणि १९२४ साली तर दोघं हयात होती. कंपनी बुडाली असती तर तीही बुडाली असती.

आपल्यात परिग्रह-परिमाण म्हणतात. मर्यादा घालायची तर आपलं काय नि किती, हे आधी मोजावं लागतं. मी शेत कधी मोजलंच नाही. 'अण्णाचं शेत' असंच म्हणत आले. ज्यावर आपला हात कधी पडलाच नाही, ते सोडलं कसं म्हणायचं? ते नुसतं सुटलं.

परवा लेकीच्या दागिन्यांची यादी केली, तिच्या हाती दिली. म्हटलं, "बाळ, आधी मोजून घे. मग ठेव नाहीतर दे. पण भिऊन देऊ नकोस."