आधी कारण, मग इंजिन

न्यूझीलंडच्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी 1950च्या दशकात जेट बोट घडवली. तिचं इंजिन थंड करायला बहुधा नदीचंच पाणी फिरतं. सोबत रेतीही येते. म्हणून नव्याने बांधलेल्या इंजिनाने दगा दिला, की दोष लगेच मेकॅनिकच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. ऑइल दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं आहे का, कॉम्प्रेशन एकाच सिलिंडरचं उतरलंय की सगळ्यांचं, हे आधी पाहावं. कुणी म्हणेल, इंजिन बदलायचंच आहे, तर जुनं उघडण्यात वेळ कशाला दवडायचा? पण गळका एक्झॉस्ट किंवा रेतीने तुंबलेली नळी तशीच राहिली, तर नवं इंजिनही त्याच वाटेने जाईल. आणि ऑइल कूलरमध्ये अडकलेला जुन्या बेअरिंगचा चुरा? तो तर पहिल्याच फेरीत नव्या बेअरिंगवर चरे पाडू शकतो.