डबल जास्वंदीची साक्ष

साधी तांबडी जास्वंद हातात घेतली की फुलाची सारी रचना उघडी दिसते. खाली हिरव्या निदलांचा पेला, त्यावर पाच पाकळ्या आणि मधोमध बाहेर झेपावलेली लांब नळी. नळीवर पुंकेसरांचे पिवळे परागकोश. तिच्या आतून वर आलेल्या स्त्रीकेसराच्या टोकाला पाच कुक्षी. निदलपुंज, दलपुंज, पुमंग आणि जायांग ही शाळेत पाठ केलेली चार मंडले ती हीच. आता डबल जास्वंद घ्या. तिचा पाकळ्यांचा गुच्छ हलक्या हाताने सोडवत गेले, तर एखाद्या पाकळीच्या कडेला चक्क परागकोश चिकटलेला सापडतो. अर्धी पाकळी, अर्धा पुंकेसर!

अशा फुलांकडे वनस्पतिशास्त्राने फार काळ संशयाने पाहिले.

त्यालाही कारण होते. सतराव्या शतकात मुख्य प्रश्न फुलाच्या कार्याचा होता. जर्मनीतील ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ कामेरारिउस यांनी एरंडाची नरफुले उमलण्याआधीच खुडली, तेव्हा झाडाला बी धरले नाही. पराग हा नरतत्त्वाचा वाहक आहे, हे त्यांनी १६९४ साली मांडले. पुढे १७३५ मध्ये लिनियस यांनी मुख्यतः पुंकेसरांची संख्या आणि मांडणी पाहून वनस्पतींचे २४ वर्ग पाडले. पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्या तर मोजायचे काय? डबल फुलांची गणना त्यांनी विकृतींमध्ये केली.

या विकृतींना साक्षीदार म्हणून उभे केले ते एका कवीने. १७८६ मध्ये योहान वोल्फगांग गोएथे इटलीच्या प्रवासात पादुआच्या वनस्पती उद्यानात पोहोचले. तिथे १५८५ साली लावलेला एक पाम होता. तो आजही उभा आहे. त्याची बुडाशी असलेली पाने साधी, भाल्यासारखी. वर जावे तशी ती चिरत जाऊन अखेर पंख्याच्या आकाराची झालेली. एकाच झाडावर पान इतकी रूपे घेत असेल, तर फूल हा त्याच प्रवासाचा पुढचा टप्पा का नसावा? १७९० मध्ये त्यांनी १२३ छोट्या परिच्छेदांचा निबंध प्रसिद्ध केला. बीजपत्रापासून फळापर्यंत एकच मूळ अवयव रूप बदलत जातो, हा त्याचा गाभा. पुरावा म्हणून त्यांनी पुढे केला मधूनच पानांसकट दांडा फुटलेला गुलाब. कास्पार फ्रीड्रिख वोल्फ यांनी अशीच कल्पना आधी मांडली होती. ते कळल्यावर गोएथे यांनी त्यांचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले.

कल्पना देखणी होती, पण पडताळायची कशी? पानाला पाकळी व्हायला कोण सांगते, हे ठाऊक नव्हते. त्यामुळे पुढची जवळपास दोनशे वर्षे ती तुलनेच्या आणि वर्णनाच्या आधारावरच तगून राहिली.

उत्तर मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्याशा रोपाने आणि बागेतल्या स्नॅपड्रॅगनने दिले. १९९१ मध्ये एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी मांडलेला हिशेब थोडक्यात असा: अ, ब आणि क असे जनुकांचे तीन गट. एकटा अ असेल तिथे निदल. अ आणि ब मिळून पाकळी. ब आणि क मिळून पुंकेसर. एकट्या क मुळे स्त्रीकेसर. शिवाय अ आणि क एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. क निकामी झाला की अ आत पसरतो. मग पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि स्त्रीकेसराच्या जागी नवे फूल सुरू होते, फुलात फूल. तिन्ही गट एकदम बंद पाडले, तर चारही मंडलांत पानांसारखे अवयव उगवतात. गोएथे यांनी तर्काने गाठलेली जागा इथे प्रत्यक्ष कुंडीत दिसली. २००१ मध्ये उलट प्रयोगही साधला: आणखी एका गटाच्या जनुकांची जोड देऊन पानांनाच पाकळ्यांचे रूप देता आले.

बागेतल्या डबल गुलाबाचाही उलगडा याच वाटेने झाला. त्याच्यात क गटातील जनुकाची हद्द आक्रसून केंद्राकडे सरकलेली असते. जेवढी हद्द कमी, तेवढे पुंकेसर कमी आणि पाकळ्या जास्त. माणसाने शतकानुशतके भरगच्च फुले निवडली, तेव्हा नकळत हा बदलच तो निवडत होता.

मात्र हा हिशेब सगळ्या फुलांना काटेकोर लागू पडत नाही. तळ्यातल्या कुमुदाच्या पाकळ्या आत जाता जाता अरुंद होतात, त्यांच्या टोकाशी परागकोश दिसू लागतात, आणि पाकळी कुठे संपली ते दाखवता येत नाही. अशा फुलांत जनुकांच्या हद्दीही पुसट असाव्यात, असे आता मानले जाते. न्यू कॅलेडोनिया बेटावरील अँबोरेला ही सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षातील सर्वांत जुन्या फाट्यावरची. तिच्या फुलात निदल आणि पाकळी असा भेदच नाही. सगळी दले सर्पिल क्रमाने लागलेली असतात. स्त्रीकेसराच्या कडाही पेशींनी सांधलेल्या नाहीत, चिकट स्रावाने मिटलेल्या आहेत. बीजांड उघड्यावर ठेवणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांकडे असे मिटलेले पात्र नसते. ते पहिल्यांदा कसे घडले, हा प्रश्न पाकळीच्या प्रश्नापेक्षा अवघड ठरला आहे, आणि त्यासाठी आता अँबोरेलाची ती चिकट कड तपासली जात आहे.